पन्नास षटके आणि शरीराचा जमाखर्च

ऑक्टोबर २०१३. बडोद्यात पश्चिम विभागाच्या १९ वर्षांखालील मुलींच्या एकदिवसीय स्पर्धेत महाराष्ट्राची गाठ गुजरातशी पडली होती. सांगलीच्या स्मृती मानधनाने त्या दिवशी १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक झळकावणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबादला मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने सौराष्ट्राविरुद्ध १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा काढल्या. तो सामनाही १९ वर्षांखालील मुलींचा होता. दोघीही तेव्हा १७ वर्षांच्या होत्या.

या वयाकडे नीट पाहायला हवे. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा हे पाच संघ येतात. विभागीय स्पर्धेत थोड्याच दिवसांत एकामागून एक सामने खेळावे लागतात. खेळणाऱ्या बहुतेक मुली १५ ते १९ या वयोगटातल्या असतात. याच वर्षांत हाडांची भरणी पूर्ण होत असते, मासिक पाळीचे चक्र स्थिरावत असते, दहावी-बारावीचा अभ्यास सुरू असतो आणि सरावाचे तासही अचानक वाढतात. धावफलकावर धावा आणि बळी दिसतात. त्यासाठी शरीराने किती खर्च केला आणि तो भरून निघाला की नाही, याची नोंद कुठेच होत नाही. अनेक गुणी मुलींची वाटचाल अडते ती याच न मांडलेल्या हिशेबापाशी.

महिला क्रिकेटचा पसारा आता मोठा झाला आहे. एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ उतरले होते. २००६ मध्ये महिला क्रिकेटचा कारभार बीसीसीआयकडे आला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, त्या संघात स्मृती आणि जेमिमा दोघीही होत्या. आज एखाद्या तालुक्याच्या गावातली मुलगी बॅट हातात घेते तेव्हा तिच्यासमोर विभागीय स्पर्धा ही एक खरी पायरी असते. त्या पायरीवर तिचे शरीर टिकणार कसे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

एका सामन्याचा खर्च

क्रिकेट म्हणजे बराच वेळ उभे राहण्याचा खेळ, असा एक समज आहे. एकदिवसीय सामन्यात तो फसवा ठरतो. महिलांचा चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका, १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. सीमारेषाही जवळ असते. पण षटके ५०च असतात आणि ऊन तेवढेच असते.

पूर्ण ५० षटकांच्या डावात किमान ३०० चेंडू पडतात. क्षेत्ररक्षक प्रत्येक चेंडूला दोन-चार पावले पुढे येऊन सावध होते. यष्टिरक्षक मुलगी ३०० वेळा बसते आणि उठते. हे सगळे सुमारे साडेतीन तास उन्हात चालते. दोन क्रीजमधले अंतर १७.६८ मीटर असते. शंभर धावांच्या भागीदारीतल्या ६० धावा पळून काढल्या, तर दोन्ही फलंदाज प्रत्येकी एक किलोमीटरहून थोडे अधिक पळतात. हे सलग पळणे नसते. दरवेळी थांबलेल्या अवस्थेतून वेग घ्यायचा, वाकून बॅट टेकवायची, वळायचे आणि पुन्हा वेग घ्यायचा, तेही पॅड बांधून. वेगवान गोलंदाजाच्या वाट्याला जास्तीत जास्त दहा षटके, म्हणजे ६० चेंडू येतात. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायातून कमरेपर्यंत पोहोचतो.

अशा वारंवार येणाऱ्या झटक्यांसाठी स्नायूंना लागणारे इंधन म्हणजे ग्लायकोजेन. भात, भाकरी, पोहे, केळी यांतून मिळणारे पिष्टमय पदार्थ स्नायूंत याच रूपात साठतात. दिवसभराच्या खेळात हा साठा बराच उतरतो आणि पोटभर पिष्टमय आहार मिळाला तरी तो पुन्हा भरायला सुमारे २४ तास लागतात. पहिल्या सामन्यात चपळ दिसणारी मुलगी तिसऱ्या सामन्यात जड पावलांनी धावते, याचे कारण अनेकदा इथे असते. प्रशिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात दडपण आले. प्रत्यक्षात डबा कमी पडलेला असतो.

ताटातली तूट

समजा, एका खेळाडूचे वजन ५० किलो आहे आणि चरबी वगळता उरलेले वजन ४० किलो. खेळाचा खर्च बाजूला ठेवल्यावर शरीराच्या रोजच्या कामकाजासाठी या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ४५ कॅलरी शिल्लक असाव्यात, असे क्रीडावैद्यक मानते. म्हणजे १८०० कॅलरी. दोन तासांच्या सरावात सुमारे ५०० कॅलरी जातात असे धरले, तर तिला दिवसाला २३०० कॅलरींची गरज आहे.

आता तिचा दिवस पाहा. सकाळी घाईत चहा-बिस्कीट, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी थेट मैदान, रात्री दमून अर्धे जेवण. सगळे मिळून १७०० कॅलरी भरल्या असे धरू. त्यातल्या ५०० सरावात गेल्या. उरल्या १२००, म्हणजे दर किलोमागे ३०. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसून आले आहे की ही पातळी ३० च्या खाली गेली की अवघ्या पाच दिवसांत पाळीचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकांची लय बिघडू लागते. हा आकडा प्रत्येकीला तंतोतंत लागू पडत नाही. कोणाला आधी त्रास होतो, कोणाला नंतर. पण दिशा तीच असते.

इंधन अपुरे पडले की शरीर काटकसर सुरू करते. आजचा दिवस निभावण्यासाठी हृदय आणि मेंदूचा पुरवठा चालू ठेवते आणि जे पुढे ढकलता येईल ते पुढे ढकलते. आधी प्रजनन संस्थेचा खर्च कापला जातो, मग हाडांच्या बांधणीचा, मग प्रतिकारशक्तीचा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’, म्हणजे खेळातील सापेक्ष ऊर्जातूट, असे नाव दिले. ही तूट फक्त मुद्दाम उपाशी राहणाऱ्या मुलींत आढळते असे नाही. सराव वाढला आणि ताट तेवढेच राहिले, एवढेही पुरेसे असते.

पाळी चुकणे ही धोक्याची खूण

शरीर या तुटीची पहिली सूचना फार स्पष्टपणे देते. पाळी लांबते, अनियमित होते किंवा थांबते. दुर्दैवाने मैदानावर याकडे उलट्या नजरेने पाहिले जाते. ‘खेळणाऱ्या मुलींचे असे होतेच’ असे सांगून आई, मावशी, कधी प्रशिक्षकही विषय संपवतात. स्पर्धेच्या काळात पाळी आली नाही तर मुलींना सुटल्यासारखे वाटते.

पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेनची पातळीही घसरलेली असते आणि इस्ट्रोजेन हे हाडांचे संरक्षक संप्रेरक आहे. मुलींच्या आयुष्यातल्या कमाल अस्थिघनतेपैकी सुमारे ९० टक्के घनता १८ व्या वर्षापर्यंत तयार होते. या वर्षांत राहून गेलेली भरणी पुढे पूर्णपणे भरून काढणे अवघड असते. त्याचा पहिला फटका वेगवान गोलंदाजांना बसतो. पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक तडा जाणे, ज्याला ताणजन्य अस्थिभंग म्हणतात, ही वेगवान गोलंदाजांची सर्वात गंभीर नेहमीची दुखापत. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्या खेळाडूत तो तडा बहुधा डाव्या बाजूला जातो. गोलंदाजी करताना कमरेच्या एकाच बाजूला दुखणे आणि मागे वाकल्यावर ते वाढणे, हे लक्षण ‘स्नायू आखडला’ म्हणून मलम चोळून सोडून देण्याजोगे नाही. लवकर निदान झाले तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड जुळते. दुखत असताना स्पर्धा रेटली तर अख्खा हंगाम जातो, कधी गोलंदाजीच सुटते.

म्हणून दोन नियम घरात आणि मैदानावर पाठ असावेत. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. वयाची पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल, तरीही दाखवावे. पाळी थांबण्याची थायरॉइडसारखी इतर कारणेही असू शकतात, त्यामुळे तपासणी टाळून केवळ आहारावर भिस्त ठेवू नये. पाळी ‘आणण्यासाठी’ परस्पर गोळ्याही घेऊ नयेत. त्याने रक्तस्राव होईल, पण मूळची तूट तशीच राहील.

पाळीच्या दिवसांत खेळावे का, हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. २०२० मध्ये ७८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरीत सरासरी अगदी किरकोळ फरक पडतो, असे त्यात दिसले. मुलीमुलींमध्ये मात्र मोठा फरक होता. त्यामुळे सगळ्यांना एकच नियम लावण्यापेक्षा प्रत्येकीने स्वतःच्या तारखा आणि त्रास वहीत नोंदवावा. त्रास नसेल तर खेळायला हरकत नाही. वेदना इतकी असेल की दर महिन्याला सराव बुडतो, तर ते सहन करण्याचे कारण नाही, त्यावर उपचार आहेत.

लोहाचे गणित

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. क्रिकेट संघ याच समाजातून निवडले जातात. रक्तातले हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचवते. ते १२ ग्रॅमच्या खाली असलेली मुलगी एखाद्या षटकात जोर लावू शकते, पण चाळिसाव्या षटकात तिचा दम तुटतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषांना दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर महिलांना २९. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि त्याबरोबर सुमारे १५ मिलिग्रॅम लोहही. खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. कठोर व्यायामानंतर यकृतात ‘हेप्सिडिन’ नावाचे संप्रेरक वाढते आणि तीन ते सहा तासांच्या काळात ते आतड्यातून लोह शोषले जाण्यात आडकाठी करते. त्यामुळे लोहयुक्त खाणे किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी सकाळी, अथवा सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेणे सोयीचे ठरते.

बाजरीची भाकरी, पालेभाज्या, कडधान्ये, अळीव, आणि चालत असेल तर मटण, मासे व अंडी ही लोहाची घरगुती साधने. वनस्पतींतले लोह कमी शोषले जाते. त्यावर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा, पेरू खाल्ला तर शोषण वाढते. जेवणाबरोबरचा चहा ते निम्म्याहूनही खाली आणू शकतो. चहा बंद करण्याची गरज नाही, तो जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवला तरी पुरते. शाळांमधून दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, मोफत असते. ती दप्तरात पडून राहू नये.

हिमोग्लोबिन ठीक असूनही दम लागत असेल तर ‘फेरिटिन’ तपासावे. ही लोहाच्या साठ्याची चाचणी आहे. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरते. जागतिक आरोग्य संघटना फेरिटिन १५ च्या खाली गेल्यास लोहकमतरता मानते. क्रीडावैद्यक तज्ज्ञ ३० च्या आसपासच सावध होतात. मात्र मोठ्या मात्रेच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नयेत. थॅलेसेमिया मायनर असलेल्या मुलीतही हिमोग्लोबिन कमी दिसते आणि तिला विनाकारण लोह देणे योग्य नाही.

तहान का मारली जाते?

५० किलोच्या मुलीचे वजन घामामुळे एक किलोने घटले, तर ती घट दोन टक्के होते. साधारण याच टप्प्यावर दमसास आणि एकाग्रता उतरू लागते. श्रीलंकेतल्या क्रिकेटपटूंवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीरातले पाणी कमी झाल्यावर गोलंदाजी, चेंडूफेक आणि धावा पळण्याची क्षमता घसरल्याचे दिसले. बडोदा किंवा संभाजीनगरच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि घाम आणखी वाहतो.

सामन्याआधी आणि नंतर वजन करून पाहणे ही सोपी पद्धत आहे. जेवढे किलो घटले त्याच्या सव्वा ते दीड पट लिटर द्रव पुढच्या काही तासांत सावकाश घ्यावा. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, ताक किंवा ओआरएस चांगले. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच मिसळावी, कमी पाण्यात घट्ट करू नये. वजन वाढेल इतके नुसते पाणी ढोसणेही घातक आहे, त्याने रक्तातले सोडियम उतरते. कॅफिन असलेली एनर्जी ड्रिंक मुलींना देऊ नयेत.

पण मुली पाणी कमी पितात त्याचे कारण पुष्कळदा अज्ञान नसते. मैदानावर स्वच्छतागृह नसते, असले तर कडी नसते, कडी असली तर पाणी नसते. मग सकाळपासून तहान मारून खेळले जाते. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांची धास्ती वेगळीच. लघवी रोखण्याने आणि पाणी कमी पिण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. मुलींच्या स्पर्धेसाठी मैदान निवडताना खेळपट्टी आणि आउटफिल्ड पाहिले जाते, तसे स्वच्छतागृहही पाहिले गेले पाहिजे. कामगिरी सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

स्पर्धेच्या आठवड्यात

सामन्याच्या सकाळी, खेळ सुरू होण्याआधी दोन-तीन तास पोहे, उपमा, इडली किंवा पोळी-भाजी असा पोटभर नाश्ता हवा. नवा पदार्थ त्या दिवशी नको. दोन डावांच्या मध्ये वरण-भात किंवा दहीभात पचायला सोपा असतो, तेलकट भाजी आणि पुरी नंतरच्या क्षेत्ररक्षणात जड पडते. पेयपानाच्या वेळी केळे, खजूर किंवा राजगिऱ्याची वडी हाताशी असावी. सामना संपल्यावर पहिल्या तासाभरात काहीतरी खावे, रात्रीच्या जेवणाची वाट पाहू नये. दूध-केळे, भडंगासोबत उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा लाडू यांपैकी काहीही चालते.

आधीच्या उदाहरणातली ६०० कॅलरींची तूट भरायला महागडी पावडर लागत नाही. दोन केळी, एक कप दूध, एक जास्तीची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ एवढ्यात ती जवळजवळ भरून निघते. भाकरी नाचणीची असेल तर कॅल्शियमही मिळते.

किशोरवयात रात्री आठ ते दहा तासांची झोप लागते. रात्रभर रेल्वेने प्रवास करून सकाळी मैदानावर उतरलेला संघ अर्धी लढाई आधीच हरलेला असतो. गोलंदाजांच्या बाबतीत स्पर्धेआधीच्या काही आठवड्यांत टाकलेले चेंडू मोजून लिहावेत. दुखापतीला बहुधा अचानक झालेली वाढ कारण ठरते. महिनाभर थोडी गोलंदाजी करून स्पर्धेत एकदम रोज दहा षटके टाकणे पाठीला झेपत नाही.

एक वही, एक चाचणी

संघ निवडताना फिटनेस चाचणी होते. तिच्यासोबत वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि शक्य तिथे फेरिटिन, वजनाची नोंद, पाळीच्या तारखा आणि टाकलेल्या चेंडूंची संख्या एवढे लिहिले गेले, तर बरीचशी संकटे महिनाभर आधी दिसतील. ही माहिती खासगी राहिली पाहिजे आणि पाळी चुकली म्हणून मुलीला संघातून काढले जाणार नाही, याची तिला खात्री वाटली पाहिजे. अन्यथा ती खरे सांगणार नाही. संघाबरोबर एखादी जबाबदार महिला असणे म्हणूनच आवश्यक आहे.

घरातही एक सवय बदलावी लागेल. ‘बारीक आहे म्हणून चपळ आहे’ हे कौतुक मुलींना कमी खायला शिकवते. सरावाहून आलेल्या मुलाच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी पडते, ती मुलीच्या ताटातही पडायला हवी. खेळ सोडणाऱ्या मुलींपैकी कितीजणींचा दम लोहाअभावी तुटला आणि कितीजणींची पाठ अपुऱ्या इंधनामुळे दुखावली, हे कोणत्याही धावफलकावर येत नाही. तीन महिने न आलेली पाळी, न जाणारा थकवा, एका बाजूची कंबरदुखी आणि वारंवार होणारे आजारपण या चार खुणा आई-वडिलांना आणि प्रशिक्षकांना ओळखता आल्या, तर विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचलेली मुलगी पुढच्या हंगामातही मैदानावर दिसण्याची शक्यता नक्कीच वाढेल.